डंकर्कचा धक्का: समुद्रकिनारी अडकलेले सैन्य कसे सुटले

२६ मे १९४० रोजी संध्याकाळी सात वाजायला तीन मिनिटे कमी असताना लंडनच्या नौदल मुख्यालयातून डोव्हरला एक छोटा आदेश गेला: 'ऑपरेशन डायनॅमो' सुरू करावे. फ्रान्सच्या उत्तर टोकाला डंकर्क या बंदराभोवती ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य जर्मन वेढ्यात सापडले होते आणि त्यातली जितकी माणसे जमतील तितकी समुद्रमार्गे इंग्लंडला आणायची होती. हाताशी फार तर दोन दिवस आहेत आणि तेवढ्यात पंचेचाळीस हजार माणसे निघाली तरी पुष्कळ झाले, असा नौदलाचा अंदाज होता. प्रत्यक्षात नऊ दिवस मिळाले आणि ३,३८,२२६ माणसे निघाली.

डंकर्कचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: वाळूवर लांबच लांब रांगा लावून उभे असलेले सैनिक आणि त्यांना न्यायला इंग्लंडहून आलेल्या मासेमारीच्या, सहलीच्या छोट्या होड्या. हे चित्र खोटे नाही, परंतु तेवढ्यावरून सव्वातीन लाखांहून अधिक माणसे नऊ दिवसांत कशी हलवता आली हे कळत नाही. ते समजून घ्यायचे तर दोन गोष्टी नीट पाहाव्या लागतात. एक म्हणजे, जमिनीवर उभा असलेला माणूस जहाजाच्या डेकवर नेमका पोहोचतो कसा. आणि दुसरी, तो पोहोचेपर्यंत शत्रूला कोण थोपवून धरते.

सैन्य अडकले कसे

१० मे १९४० रोजी जर्मनीने हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि फ्रान्सवर एकदम चढाई केली. त्याच दिवशी विन्स्टन चर्चिल ब्रिटनचे पंतप्रधान झाले. जर्मन सैन्य पहिल्या महायुद्धाप्रमाणे बेल्जियममधून येईल असे गृहीत धरून लॉर्ड गॉर्ट यांच्या हाताखालचे ब्रिटिश सैन्य आणि फ्रान्सच्या उत्तम तुकड्या बेल्जियममध्ये डाइल नदीच्या रेषेपर्यंत पुढे सरकल्या. जर्मनीचा खरा घाव मात्र दक्षिणेला, आर्देनच्या डोंगराळ जंगलातून आला. रणगाड्यांना तिथून वाट काढणे अवघड आहे अशी फ्रेंचांची समजूत असल्यामुळे तिथला बंदोबस्त दुबळा होता. १३ मे रोजी जर्मनांनी सेदान येथे म्यूझ नदी ओलांडली आणि २० मेच्या संध्याकाळी त्यांचे रणगाडे आबेव्हिल गावाजवळ थेट समुद्रापाशी पोहोचले.

उजव्या हाताने दार लोटायला पुढे जावे आणि तेवढ्यात मागचे दार कोणीतरी बाहेरून बंद करावे, तशी दोस्त राष्ट्रांची गत झाली. बेल्जियममध्ये पुढे गेलेल्या सैन्याचा उरलेल्या फ्रान्सशी असलेला संबंध तुटला. रसद, दारूगोळा आणि इंधन येण्याचा खुष्कीचा मार्ग गेला. पाठीशी फक्त इंग्लिश खाडी उरली आणि तिच्यावरची बंदरेही एकेक करून पडू लागली. बूलोन २५ मे रोजी पडले, तर कॅले २६ मे रोजी. उरले एकटे डंकर्क.

याच काळात जर्मन बाजूला एक असा निर्णय झाला, ज्यावर इतिहासकार अजून वाद घालतात. २४ मे रोजी जर्मन रणगाडे डंकर्कपासून थोड्याच अंतरावर, 'आ' नावाच्या नदीच्या कालव्यापाशी पोहोचले असताना त्यांना थांबण्याचा हुकूम मिळाला. सेनापती रुन्श्टेट यांना दोन आठवडे सतत पळवलेली यंत्रे दुरुस्त करून पुढच्या, दक्षिणेकडील मोहिमेसाठी राखायची होती, डंकर्कभोवतीची जमीन कालव्यांनी चिरलेली आणि दलदलीची होती, आणि अडकलेल्या सैन्याचा निकाल आपले हवाई दल लावील असे हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याने सांगितले होते. हिटलरने हुकमावर शिक्कामोर्तब केले. इंग्रजांना मुद्दाम सोडून देण्याचा हिटलरचा मनसुबा होता ही गोष्ट पुढे फार पसरली, पण नंतरच्या नऊ दिवसांत जर्मन तोफा आणि विमानांनी त्या किनाऱ्यावर जो मारा केला तो पाहता माझा तिच्यावर विश्वास बसत नाही. २६ मे रोजी हुकूम मागे घेण्यात आला. मधल्या वेळात कालव्यांच्या आड बचावाची फळी उभी करायला दोस्तांना सवड मिळाली.

तिकडे गॉर्ट यांनीही २५ मेच्या संध्याकाळी एक कठीण निर्णय घेतला. दक्षिणेकडे हल्ला करून फ्रेंचांशी पुन्हा हातमिळवणी करावी असा वरिष्ठांचा आग्रह होता. परंतु उत्तरेला बेल्जियन सैन्य खचत चालले होते आणि तिथे खिंडार पडले असते तर समुद्राची वाटही बंद झाली असती. त्यामुळे दक्षिणेकडच्या हल्ल्यासाठी राखलेल्या दोन डिव्हिजन गॉर्ट यांनी आपल्या जबाबदारीवर उत्तरेला वळवल्या. बेल्जियमने २८ मे रोजी शरणागती पत्करली तेव्हा या दोन डिव्हिजन त्या खिंडारात उभ्या होत्या. डंकर्कची सुटका शक्य झाली त्यामागे हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो, जरी त्याची कथा क्वचितच सांगितली जाते.

जहाज किनाऱ्याला का लागत नाही

डंकर्कच्या पूर्वेला मालो-ले-बँ, ब्रे-द्यून आणि बेल्जियमच्या हद्दीतले ला पान अशी सलग मैलोन्‌मैल पुळण आहे. सैन्य उभे राहायला जागा भरपूर. जहाजाच्या दृष्टीने मात्र हा किनारा अत्यंत वाईट. समुद्राचा तळ इतक्या हळूहळू उतरत जातो की नौदलाच्या विनाशिकेला किनाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आत येणे कठीण. ओहोटीच्या वेळी तर हे अंतर आणखी वाढते.

कोकणात ज्यांनी जुन्या बोटवाहतुकीच्या आठवणी घरी ऐकल्या असतील त्यांना ही अडचण लगेच कळेल. मोठी बोट खोल पाण्यात उभी राहायची, प्रवासी बोटीतून पडावात उतरायचे आणि पडाव त्यांना किनाऱ्याकडे आणायचा. डंकर्कला हेच काम उलट दिशेने, अंगावर पूर्ण गणवेश असलेल्या थकलेल्या माणसांकडून आणि बॉम्बच्या वर्षावात करून घ्यायचे होते. उदाहरणादाखल धरू की जहाजावरच्या वल्ह्याच्या होडीत एका वेळी पंचवीस माणसे मावतात. सहाशे माणसे चढवायला अशा चोवीस फेऱ्या लागतील, आणि प्रत्येक फेरीत कंबरभर, छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या सैनिकांना आत ओढून घ्यावे लागेल. घाई झाली की होडी उलटायची. भरलेली होडी वाळूत रुतून बसायची. जहाजावर पोहोचलेले सैनिक कधी कधी होडी तशीच सोडून देत आणि ती रिकामी वाहत जात असे. शिवाय तितके तास जहाज एका जागी उभे, म्हणजे वरून येणाऱ्या विमानासाठी आयते सावज.

सैनिकांनी यावर आपल्या परीने एक तोडगा काढला, आणि तो मला फार हुशारीचा वाटतो. ओहोटीच्या वेळी त्यांनी आपले लष्करी ट्रक एकामागे एक थेट समुद्रात नेऊन उभे केले, त्यात वजन भरले, टपांवर फळ्या टाकल्या आणि भरतीच्या वेळी चालत जाता येईल असे तात्पुरते धक्के तयार केले. ट्रक नाही तरी मागे टाकूनच जायचे होते. या धक्क्यांना मोठी जहाजे लागू शकत नसत, पण छोट्या होड्यांत पाण्यात न उतरता चढता येऊ लागले आणि बराच वेळ वाचला.

लाटा अडवणारी भिंत

२७ मे रोजी कॅप्टन विल्यम टेनंट हे नौदल अधिकारी खलाशांची एक तुकडी घेऊन डंकर्कला उतरले. किनाऱ्यावरची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांनी पाहिले तेव्हा बंदराच्या आतल्या गोद्या बॉम्बहल्ल्यांनी निकामी झाल्या होत्या, शहर जळत होते, पाण्याचे नळ फुटले होते आणि तेलाच्या टाक्यांना लागलेल्या आगीचा काळा धूर आभाळभर पसरला होता. त्या पहिल्या दिवशी जेमतेम ७,६६९ माणसे निघाली. याच गतीने काम चालले असते तर उरलेले बहुतेक सैन्य कैदेतच गेले असते.

टेनंट यांची नजर गेली ती बंदराच्या तोंडाशी समुद्रात दूरवर गेलेल्या पूर्वेकडच्या भिंतीकडे. ही भिंत धक्का म्हणून बांधलेली नव्हती. बंदरात लाटा आणि वाळू येऊ नये एवढ्यासाठी ती होती. लांबी सव्वा किलोमीटरहून अधिक, वरती तीन-चार माणसे शेजारी शेजारी चालू शकतील एवढी अरुंद लाकडी वाट, आणि खाली खांबांच्या मधून जोराने वाहणारा भरती-ओहोटीचा प्रवाह. अशा भिंतीला जहाज लावणे धोक्याचे होते, पण तिच्या बाहेरच्या टोकाला पाणी खोल होते. टेनंट यांनी त्या रात्री 'क्वीन ऑफ द चॅनल' हे प्रवासी जहाज प्रयोग म्हणून तिला लावून पाहिले. जहाज लागले, सैनिक चालत येऊन चढले आणि जहाज भरून निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे वाटेत ते जहाज बॉम्बने बुडाले, मात्र प्रयोग यशस्वी झाला होता. सैनिकांना आता पाण्यात उतरण्याची गरज नव्हती आणि जहाजाला तासन्‌तास थांबण्याचीही.

पुढच्या दिवसांचे आकडे या एका शोधाचा परिणाम सांगतात. २८ मे रोजी १७,८०४, २९ मे रोजी ४७,३१०, ३० मे रोजी ५३,८२३ आणि ३१ मे रोजी सर्वाधिक, ६८,०१४. भिंतीवरच्या रांगेची शिस्त जॅक क्लाउस्टन या कॅनडात जन्मलेल्या नौदल अधिकाऱ्याकडे होती. भरती-ओहोटीत पाण्याची पातळी कित्येक मीटर खाली-वर होत असल्याने कधी जहाजाचे डेक वाटेच्या बरोबरीला असे, तर कधी खूप खाली, आणि मग शिड्या व फळ्या लावून माणसे उतरवावी लागत. हे सगळे अंधारात, तोफांच्या माऱ्यात, झोप न मिळालेल्या हजारो माणसांकडून क्लाउस्टन यांनी दिवसेंदिवस करून घेतले. अखेरच्या टप्प्यात इंग्लंडहून डंकर्कला परत येत असताना त्यांची लाँच विमानांनी बुडवली आणि ते वाचले नाहीत.

ही भिंत किती महत्त्वाची होती, हे २९ मेच्या संध्याकाळी घडलेल्या एका चुकीवरून अधिक कळते. त्या दुपारी भिंतीला लागलेल्या जहाजांवर मोठा हवाई हल्ला झाला आणि 'ग्रेनेड' ही विनाशिका नष्ट झाली. त्या गोंधळात किनाऱ्यावरच्या एका अधिकाऱ्याने बंदराचे तोंड बंद झाल्याची चुकीची बातमी फोनवरून कळवली. मोहिमेची सूत्रे हलवणारे व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅमसे यांनी सर्व जहाजे पुळणीकडे वळवली. बंदर प्रत्यक्षात खुले होते, पण बहुतेक रात्र ते जवळपास रिकामे राहिले. ३० मे हा एकच असा दिवस, ज्या दिवशी पुळणीवरून बंदरापेक्षा जास्त माणसे निघाली: पुळणीवरून २९,५१२ आणि बंदरातून २४,३११. संपूर्ण मोहिमेचा हिशेब पाहिला तर बंदरातून २,३९,५५५ आणि पुळणीवरून ९८,६७१ माणसे निघाली. म्हणजे दर दहांपैकी सातजण त्या भिंतीच्या आणि बंदराच्या वाटेने सुटले.

अंतराचे गणित

डोव्हरपासून डंकर्क फार दूर नाही. सर्वांत जवळचा मार्ग, ज्याला नौदलाने 'झेड' म्हटले, केवळ ३९ सागरी मैलांचा होता. मात्र तो कॅलेजवळच्या किनाऱ्याला लागून जात होता आणि तिथे जर्मन तोफा येऊन बसल्या होत्या. म्हणून जहाजे ईशान्येला वळसा घालून जाणाऱ्या 'वाय' मार्गाने धाडावी लागली. तो मार्ग ८७ मैलांचा. ताशी वीस मैल वेगाने जाणारे जहाज पहिल्या मार्गाने दोन तासांत पोहोचते, तर दुसऱ्याने त्याला सव्वाचार तासांहून अधिक लागतात. जहाजांची संख्या तीच, खलाशी तेच, पण वाट लांबली की दिवसभरात होणाऱ्या फेऱ्या निम्म्यावर येतात आणि तितकेच कमी सैनिक वाचतात. शिवाय 'वाय' मार्गावर जर्मनांच्या वेगवान पाणतीर-नौका आणि पाणबुड्या टपून होत्या. २९ मेच्या पहाटेआधी 'वेकफुल' या विनाशिकेला पाणतीर लागला, तिचे दोन तुकडे झाले आणि डेकखाली झोपलेले शेकडो सैनिक तिच्याबरोबर गेले. त्यांना आपण सुटलो असे वाटले असेल.

यावर उपाय म्हणून मधला 'एक्स' मार्ग, ५५ मैलांचा, उथळ पट्ट्यांतून आणि पाणसुरुंगांतून साफ करून २९ मे रोजी खुला करण्यात आला. पाणसुरुंगांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. जर्मनांचे काही सुरुंग लोखंडी जहाजाच्या चुंबकत्वाने आपोआप फुटत. असा एक सुरुंग नोव्हेंबर १९३९ मध्ये थेम्सच्या मुखाजवळ चिखलात न फुटता सापडला होता आणि तो उघडून त्याचे तंत्र समजल्यावर विजेच्या तारांच्या साह्याने जहाजांचे चुंबकत्व घालवण्याची युक्ती तयार झाली होती. डंकर्कच्या मोहिमेआधी सहा महिने तो चिखलात सापडला नसता तर हा उथळ समुद्र किती जहाजांना गिळून बसला असता, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

रॅमसे यांचे कार्यालय डोव्हरच्या किल्ल्याखाली खडूच्या कड्यात खोदलेल्या बोगद्यांत होते. मोहिमेचे 'डायनॅमो' हे नाव तिथल्या, पूर्वी विजेचा डायनॅमो असलेल्या खोलीवरून पडले असे सांगतात. वेढ्याचे चित्र तासातासाला बदलत असताना कोणते जहाज कुठे, कधी आणि कोणत्या मार्गाने पाठवायचे याचा हिशेब त्या बोगद्यातून होत होता. इंग्लंडच्या बंदरांवर उतरलेल्या माणसांना लगेच पुढे पाठवले नाही तर तिथेच कोंडी झाली असती. म्हणून दक्षिणेकडच्या रेल्वेने नऊ दिवसांत सहाशेहून अधिक खास गाड्या सोडल्या. केंटमधल्या हेडकॉर्नसारख्या लहान स्थानकांवर गावातल्या बायका रात्रंदिवस पाव कापून आणि चहा करून येणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या सैनिकांना देत होत्या. समुद्रावरची मोहीम जमिनीवरच्या या साखळीशिवाय दोन दिवसही चालली नसती.

छोट्या होड्यांचे खरे काम

१४ मे रोजी, म्हणजे वेढा पडण्याच्याही आधी, ३० ते १०० फूट लांबीच्या मोटारबोटींच्या मालकांनी नोंदणी करावी असे आवाहन बीबीसीवरून झाले होते. ते नौदलाच्या इतर कामांसाठी होते, पण त्या यादीचा उपयोग डंकर्कसाठी झाला. थेम्स नदीतल्या सहलीच्या नावा, मच्छीमारांच्या होड्या, पाणी लोटणाऱ्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या वाफेच्या बोटी, डच मालवाहू गलबते असे जे तरंगते ते गोळा झाले. मालकांनीच आपापल्या होड्या हाकत नेल्या ही समजूत अर्धी खरी आहे. बहुतेक होड्यांवर नौदलाचे खलाशी होते, काहींवर मालक स्वतः गेले. 'टायटॅनिक'चे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी चार्ल्स लाइटोलर तेव्हा साठी ओलांडून गेले होते. त्यांनी 'सनडाउनर' ही आपली बोट मुलासह नेली आणि सुमारे १३० माणसांना तिच्यात कोंबून आणले. सर्वांत लहान होडी, 'टॅमझिन' ही मच्छीमार होडी, पंधरा फुटांपेक्षाही कमी लांबीची आहे आणि ती लंडनच्या युद्ध संग्रहालयात जपून ठेवली आहे.

यातल्या फार थोड्या होड्यांनी माणसांना थेट इंग्लंडला नेले. त्यांचे काम होते ते पुळणीवरून खोल पाण्यात उभ्या असलेल्या जहाजांपर्यंत ने-आण करण्याचे, म्हणजे वर सांगितलेल्या पडावाचे. इंग्लंडपर्यंतचा मुख्य भार विनाशिका, सुरुंग साफ करणाऱ्या नौका आणि खाडीवरची प्रवासी जहाजे यांनी उचलला. असे सांगताना होड्यांचे मोल मी कमी करत नाही. पुळणीवरून सुटलेले जवळपास एक लाख लोक त्यांच्याशिवाय सुटले नसते.

हवेतल्या लढाईबद्दल थोडक्यात. आपले हवाई दल कुठे आहे, अशी तक्रार पुळणीवरचे सैनिक कडवटपणे करत. केंटमधून उडालेल्या लढाऊ विमानांना डंकर्कवर थोडाच वेळ थांबता येत असे, आणि बऱ्याच चकमकी ढगांच्या वर किंवा जमिनीच्या आत खोलवर होत असल्याने खालून दिसत नसत. शंभराहून अधिक ब्रिटिश विमाने या दिवसांत गेली. हवामानानेही साथ दिली: समुद्र बहुतेक दिवस शांत राहिला, ३० मे रोजी ढग आणि धुक्याने जर्मन विमानांना रोखले, आणि तेलाच्या टाक्यांच्या धुराने बंदर काही प्रमाणात झाकले गेले.

या गर्दीत भारतीय सैनिकही होते. ब्रिटिश सैन्याने ट्रकांवर भर दिल्यामुळे त्याच्याकडे ओझ्याची जनावरे उरली नव्हती, आणि फ्रान्सच्या बर्फात व चिखलात ट्रक अडत होते. म्हणून डिसेंबर १९३९ मध्ये रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार खेचर-तुकड्या मुंबई बंदरातून निघाल्या आणि २६ डिसेंबरला मार्सेयला उतरल्या. त्यांतले बहुतेक जवान पंजाबी मुसलमान होते. वेढा पडल्यावर त्यांना ज्यांच्यासाठी आणले होते ती खेचरे मागे सोडावी लागली. एका तुकडीतले लोक जर्मनांच्या कैदेत गेले, तर डंकर्कच्या रांगेत उभे राहिलेले इंग्लंडला पोहोचले आणि पुढची काही वर्षे त्यांनी ब्रिटनमध्येच काढली. माझ्या मते मुंबईहून निघून डंकर्कपर्यंत गेलेल्या या माणसांची नोंद आपल्याकडे फारच थोडी घेतली गेली आहे.

मागे कोण राहिले

भिंत, होड्या आणि जहाजे कामी आली ती जर्मन सैन्य नऊ दिवस बाहेर थोपवले गेले म्हणून. कॅलेमध्ये ब्रिगेडियर क्लॉड निकल्सन यांच्या तुकडीला तुमची सुटका होणार नाही असे स्पष्ट कळवण्यात आले होते, तरी ती २६ मेपर्यंत लढली. निकल्सन यांचा १९४३ मध्ये कैदेतच मृत्यू झाला. लील शहरात फ्रेंच पहिल्या सैन्यातल्या चाळीस हजारांच्या आसपास माणसांनी जनरल मोलिनिए यांच्या नेतृत्वाखाली ३१ मेपर्यंत झुंज दिली आणि कित्येक जर्मन डिव्हिजन तिथे गुंतवून ठेवल्या. त्या डिव्हिजन आधी मोकळ्या झाल्या असत्या तर डंकर्कभोवतीची कालव्यांची फळी टिकली असती का, याची शंकाच आहे. बेर्ग, फ्यूर्न आणि न्यूपोर या गावांना जोडणाऱ्या त्या कालव्यांवर ब्रिटिश आणि फ्रेंच तुकड्या दिवसेंदिवस मागे सरकत लढत होत्या, आणि ब्रिटिश निघून गेल्यावर शेवटची फळी फ्रेंचांचीच होती.

प्रथम कोणी जायचे यावरून दोन मित्रराष्ट्रांत कटुता आली, आणि ती अकारण नव्हती. ३१ मे रोजी पॅरिसच्या बैठकीत चर्चिल यांनी आतापर्यंत १,६५,००० माणसे निघाल्याचे सांगितले, तेव्हा त्यांत फ्रेंच किती, असे फ्रेंच सरसेनापती जनरल वेगां यांनी विचारले. उत्तर होते पंधरा हजार. त्यानंतर दोन्ही सैन्ये हातात हात घालून निघतील असे चर्चिल यांनी जाहीर केले आणि शेवटच्या दिवसांत हे प्रमाण पालटले. एकूण सुटलेल्यांत सुमारे १,२३,००० फ्रेंच होते.

जखमींचा प्रश्न याहून कठीण होता. स्ट्रेचरवरचा एक माणूस जहाजावर अनेक उभ्या माणसांची जागा घेतो, म्हणून चालू शकणाऱ्यांना आधी घेण्याचे ठरले. गंभीर जखमींना मागे ठेवताना त्यांच्यासोबत काही डॉक्टर आणि शुश्रूषक ठेवणे भाग होते. दर शंभर जखमींमागे एक डॉक्टर आणि दहा शुश्रूषक असे प्रमाण ठरले, आणि कोण राहणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवले गेले. ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली ते जर्मन कैदेत गेले.

१ जून रोजी चार विनाशिका एकाच दिवसात बुडाल्यावर दिवसाची वाहतूक थांबवून केवळ रात्री काम करायचे ठरले. २ जूनच्या रात्री ब्रिटिश सैन्य निघून गेल्याचा संदेश टेनंट यांनी पाठवला. मोहिमेत सुमारे ८६० नौकांनी भाग घेतला होता आणि त्यांतल्या २४३ गमावल्या होत्या. फ्रान्समध्ये राहिले ते जवळपास अडीच हजार तोफा, सुमारे चौसष्ट हजार वाहने आणि वीस हजारांवर मोटारसायकली. सुटलेल्या सैन्याकडे रायफलीपलीकडे फारसे काही उरले नव्हते, पण अनुभवी अधिकारी आणि शिकलेले जवान वाचले होते, आणि ज्या फौजा पुढे ब्रिटनने उभ्या केल्या त्या त्यांच्याच आधारावर. तरीही ४ जूनला संसदेत बोलताना चर्चिल यांनी बजावले की या सुटकेला विजय समजू नये, कारण माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत. अडीच आठवड्यांनी, २२ जून रोजी, फ्रान्सने युद्धबंदी स्वीकारली. इंग्लंडला आणलेले बहुतेक फ्रेंच सैनिक तोवर पुन्हा मायदेशी लढायला परतले होते.

३ जूनच्या रात्री रॅमसे यांनी दमलेल्या खलाशांना आणखी एकदा पाठवले, या वेळी केवळ फ्रेंचांसाठी. २६,१७५ माणसे त्या अखेरच्या फेरीत आली. पण रात्र सरत असताना शहरातल्या तळघरांतून, ढिगाऱ्यांतून हजारो इतर सैनिक बाहेर पडून भिंतीकडे आले, आणि कालव्यांवर शेवटपर्यंत लढून मग मागे फिरलेले पिछाडीचे जवान पोहोचले तेव्हा वाट भरून गेली होती. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवले आहे की भिंतीच्या मध्यावर सुमारे हजार फ्रेंच सैनिक सावधान स्थितीत रांगा करून उभे होते. त्यांचा सेनापती आणि त्याचे अधिकारी त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. पहाटेच्या अंधुक उजेडात सैनिकांचे चेहरे ओळखू येत नव्हते, मागच्या आगीने त्यांची पोलादी शिरस्त्राणे तेवढी उठून दिसत होती. अधिकाऱ्यांनी सलाम केला, मग ते वळले आणि नावेत चढले. पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी 'शिकारी' ही विनाशिका, जिचे नाव आपल्याच भाषांतून गेलेले आहे, डंकर्क सोडणारे शेवटचे जहाज ठरली. उजाडल्यावर जर्मन सैनिक बंदरात आले तेव्हा शहरात आणि किनाऱ्यावर पस्तीस ते चाळीस हजार फ्रेंच सैनिक होते, आणि ते सगळे कैद झाले.